जामिनाचा कागद नीट वाचलात का?

गेल्या अंकात अटकपूर्व जामिनावर चार ओळी लिहिल्या आणि टपालाची पिशवी फुगली. निम्मी पत्रं मार खाल्लेल्यांच्या घरातली, निम्मी मारल्याचा आरोप असलेल्यांच्या घरातली. मी पहिली ८ वर्षं आरोपींची वकिली केली, पुढची १९ वर्षं सरकारी वकील होते. त्यामुळे दोन्हीकडच्यांना मी कायम पलीकडची वाटते, सवय आहे. पत्रांतले ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, नावं राखून ठेवली आहेत.

प्रश्न : ताई, पार्किंगच्या वादातून शेजाऱ्याने माझ्या भावाला लोखंडी पाइपने मारलं. हाताची दोन्ही हाडं मोडली, ऑपरेशन करून पट्टी बसवली. आरोपीला अटक झाली आणि अकराव्या दिवशी तो जामिनावर सुटून जिन्यात आमच्यासमोर उभा. भावाचे टाकेसुद्धा निघाले नव्हते. इतक्या लवकर सोडून दिलं, म्हणजे केस संपलीच ना? आणि असं मारणाऱ्याला मुळात जामीन मिळतोच कसा?

उत्तर : केस संपलेली नाही. खरं सांगायचं तर ती अजून नीट सुरूही झालेली नाही. 'सोडून दिलं' हे शब्द तुमच्या पत्रात चार वेळा आले आहेत, म्हणून आधी ते बाजूला ठेवू. जामिनावरचा माणूस आरोपीच असतो. बोलावलं की हजर राहीन आणि घातलेल्या अटी पाळीन, या हमीवर तो बाहेर असतो. निर्दोष सुटणं ही फार पुढची आणि वेगळी गोष्ट.

जामिनाच्या अर्जावर न्यायाधीश काय बघतात? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये प्रशांत कुमार सरकार यांच्या प्रकरणात त्याची यादीच दिली आहे. गुन्हा प्रथमदर्शनी दिसतो का, तो किती गंभीर आहे, शिक्षा किती होऊ शकते, हे तर आहेच. पण आरोपी पळेल का, पुन्हा तेच करेल का, साक्षीदारांना धमकावेल का, हेही त्याच यादीत आहे. पहिले प्रश्न मागे काय झालं याचे. हे नंतरचे उद्या काय होईल याचे. मागच्या प्रश्नांची उत्तरं कागदावर तयार असतात: फिर्याद, पंचनामा, इंज्युरी सर्टिफिकेट, जप्त पाइप. उद्याच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन कोर्टात सहसा कुणीच येत नाही. तुमच्या बाबतीत अकराव्या दिवशी पाइप जप्त झाला होता, जबाब झाले होते, आरोपीची पोलीस कोठडी संपून तो न्यायालयीन कोठडीत गेला होता. न्यायाधीशांनी विचारलं असेल, 'आता आत ठेवून तपासाला काय मिळायचंय?' तेव्हा त्यांना कुणी सांगितलं का, की आरोपीचं दार आणि जखमीचं दार यांच्यात एक जिना आहे? माझी पैज आहे, नसेल सांगितलं.

पैज एवढ्या खात्रीने लावते, कारण असं न सांगणारी एकदा मी स्वतःच होते. सरकारी वकील होऊन दुसरं वर्ष होतं. एका माणसाने शेजाऱ्याच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला होता. त्या दिवशी माझ्यासमोर २३ जामीन अर्ज. तपासी अंमलदाराचा 'से', म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, आला तो नेहमीचाच : 'आरोपी साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता आहे, सबब अर्ज नामंजूर व्हावा.' हे वाक्य प्रत्येक सेमध्ये असतं, म्हणूनच ते कुणाच्या डोळ्यांत शिरत नाही. साहेबांनी विचारलं, 'विशेष काही?' मी म्हणाले, 'सेप्रमाणे.' जामीन झाला, अटी छापील. एकमेव प्रत्यक्षदर्शी बाई आरोपीच्या भिंतीला भिंत लावून राहते, हे माझ्याच फाइलमध्ये, पंचनाम्याच्या नकाशात होतं. मी नकाशा उघडला नव्हता. दीड वर्षाने ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, मी आत होते, काही पाहिलं नाही. फितूर म्हणून तिचा उलटतपास मीच घेतला, अगदी तावातावाने. बाहेर व्हरांड्यात तिने मला थांबवलं. म्हणाली, 'बाई, आम्हाला नळ एकच आहे.'

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. जामिनाच्या आदेशाची नक्कल काढा. बहुतेक आदेश ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरही दिसतात. अटी एकेक करून वाचा. 'फिर्यादी व साक्षीदारांशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधणार नाही' ही अट असेल. पोलीस ठाण्यात हजेरीची असेल. खटल्यापर्यंत त्या इमारतीत किंवा त्या हद्दीत राहू नये, ही अट आहे का? नसेल तर ती घालण्यासाठी सरकारी वकिलामार्फत अर्ज करता येतो. जखमी माणसाला जामिनाच्या टप्प्यावर बोलण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात आरोपी आशिष मिश्राचा जामीन रद्द केला, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं की पीडितांना उच्च न्यायालयात नीट ऐकलंच गेलं नव्हतं. ऑनलाइन सुनावणीत त्यांच्या वकिलांचा संपर्क तुटला होता. तेव्हा 'तुम्ही साक्षीदार आहात, घरी बसा' असं कुणी म्हणालं तर हा निकाल दाखवा. स्वतःचा वकील देऊन सरकारी वकिलाला साहाय्य करण्याची परवानगीही मागता येते.

आरोपीने अट मोडली तर? जिन्यात उभा राहून बघितलं, एवढ्यावर जामीन रद्द होत नाही, हे आधी ऐकून घ्या. दौलत राम प्रकरणात १९९४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की दिलेला जामीन काढून घ्यायला भक्कम कारण लागतं. म्हणून वही करा. तारीख, वेळ, काय बोलला, कोण होतं. प्रत्येक वेळी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, आणि तिची पोच. 'साक्ष फिरव' म्हणून धमकी असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली वेगळा, दखलपात्र गुन्हा होऊ शकतो. एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, समाधान मानू नका. जामीन देणंच मुळात चूक होतं असं वाटत असेल तर तो निराळा रस्ता आहे, वरच्या कोर्टात त्या आदेशालाच आव्हान देण्याचा. या दोन गोष्टींची सरमिसळ वकीलसुद्धा करतात आणि मग अर्ज दोन्हीकडून पडतो.

शेवटची एक सोय, जी असूनही वापरली जात नाही. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. पोलिसांनी धोक्याचा अहवाल ५ कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. धारदार किंवा घातक हत्याराने गंभीर दुखापतीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्याने तुमचं प्रकरण त्यात बसतं. अर्जाचा छापील नमुना योजनेलाच जोडलेला आहे.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना दोघांनी बुक्क्यांनी मारलं, दात पडला. पोलिसांनी दोघांना त्याच संध्याकाळी ठाण्यातूनच सोडलं. पैसे खाल्ले असणार, दुसरं काय?

उत्तर : खाल्ले असतील तर मला कळायचा मार्ग नाही, पण न खाताही त्यांना हेच करावं लागलं असतं. हाड किंवा दात मोडणं, निखळणं ही कायद्याने गंभीर दुखापत. ती हाताने, बुक्क्यांनी केली असेल तर न्याय संहितेचं कलम ११७(२), शिक्षा ७ वर्षांपर्यंत, आणि गुन्हा जामीनपात्र. जामीनपात्र म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क. तो पोलीस ठाण्यातच द्यावा लागतो. आता गंमत बघा. त्याच दोघांपैकी एकाने ब्लेड फिरवून मनगटावर चार टाक्यांची जखम केली असती, तर कलम ११८(१), शिक्षा फक्त ३ वर्षांपर्यंत, पण गुन्हा अजामीनपात्र! दात गेला तर संध्याकाळी घरी, चार टाके पडले तर रात्र कोठडीत. रागवायचंच असेल तर ठाणे अंमलदारावर न रागवता कायद्याच्या परिशिष्टातल्या, जामीनपात्र-अजामीनपात्र ठरवणाऱ्या तक्त्यावर रागवा. मीही रागावलेली आहे.

तुमच्या उपयोगाचं एवढंच : दंतवैद्याचा कागद पोलिसांना दिलात ना? नसेल तर पुरवणी जबाब देऊन तो जोडा. नाहीतर पडलेल्या दातासह तुमची केस साध्या दुखापतीत, कलम ११५ खाली बसलेली असेल. आणि मिस्टरांचं दुखणं लांबलं, १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तर तेही गंभीर दुखापतीत धरतात. जुन्या कायद्यात हे दिवस २० होते; १ जुलै २०२४ पासून १५ झाले. बऱ्याच ठिकाणी अजून तोंडात वीसच बसलेलं आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मोबाइलवर रोज मारहाणीच्या चित्रफिती दिसतात. आरोपी स्पष्ट दिसतो, आणि आठवड्याने तोच हार घालून मिरवताना दिसतो. हिंसक मारहाणीच्या आरोपींना निकाल लागेपर्यंत जामीन मिळणारच नाही, असा सरळ कायदा का करत नाहीत? गुरुजी म्हणून विचारतो, वर्गात मारणाऱ्या पोराला आम्ही आधी बाहेर काढायचो, चौकशी नंतर.

उत्तर : गुरुजी, वर्गाबाहेर काढलेलं पोर तासाभराने परत आत यायचं. आपल्याकडे खटल्याचा निकाल कधी लागतो, ते आपल्याला दोघांनाही माहीत आहे. निकालापर्यंत जामीन नाही याचा अर्थ चार, सहा, आठ वर्षं आत, आणि मग ठरणार की त्याने मारलं होतं की नाही. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. चारातले तीन. त्यांचा गुन्हा अजून कुणी सिद्ध केलेला नाही.

'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये राजस्थानच्या बालचंद प्रकरणात ते सूत्र मांडलं. लोक हे वाक्य अर्धंच सांगतात. पळून जाण्याची, न्यायाच्या वाटेत अडथळा आणण्याची, पुन्हा गुन्हा करण्याची किंवा साक्षीदारांना दहशत घालण्याची शक्यता दिसत असेल तर नियम बाजूला राहतो, हे त्याच निकालात लगोलग म्हटलं आहे. म्हणजे तुमचा हार घातलेला मिरवणूकवाला त्या निकालाच्या अपवादात बसू शकतो. मिरवणुकीची चित्रफीत तपासी अंमलदाराने कोर्टापुढे ठेवली का, हा खरा प्रश्न. मी एकदा अशी चित्रफीत ठेवली होती आणि जामीन रद्द करून घेतला होता. मिरवणूक साक्षीदाराच्या घरावरून नेली होती, म्हणून. नुसत्या हारावर झाला नसता, आणि होऊ नये असं मलाही वाटतं. मूर्खपणा हा अटींचा भंग नव्हे.

'सरळ कायदा' हा आपल्याकडे करून बघितलेला प्रयोग आहे. उत्तर प्रदेशाने १९७६ मध्ये, आणीबाणीत, अटकपूर्व जामिनाची तरतूदच पुसून टाकली. ती २०१९ मध्ये परत आली. मधल्या ४३ वर्षांत तिथे मारामाऱ्या थांबल्या नाहीत; लोक अटक टाळायला रिट घेऊन थेट उच्च न्यायालयात जात राहिले. ज्यांना ते परवडत होतं, ते. ठरावीक प्रकारांसाठी दार अरुंद केलेले कायदे आजही आहेत. संघटित टोळ्यांसाठी १९९९ चा मकोका आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १८ अटकपूर्व जामीन नाकारतं, आणि त्याच कायद्याचं कलम १५अ पीडिताला जामिनाच्या सुनावणीची आगाऊ सूचना द्यायला लावतं. मला यातलं १५अ अधिक आवडतं. ते न्यायाधीशाचे हात बांधत नाही, त्याच्यासमोर माणूस आणून उभा करतं. तुम्हाला कायदाच मागायचा असेल तर प्रत्येक मारहाणीच्या गुन्ह्यात अशी सूचना बंधनकारक करा, असा मागा. मी खाली सही करीन.

सरसकट बंदीला मी का बिचकते, त्यालाही एक चेहरा आहे. एका रात्री गल्लीत दोन गटांची मारामारी, एकाच्या पोटात चाकू. तो वाचला. फिर्यादीत चार नावं. तिसऱ्या दिवशी पुरवणी जबाबात आणखी तीन वाढली. वाढलेल्यांत एक विशीतला मुलगा. तेव्हाचं कलम ३०७, खुनाचा प्रयत्न. त्याचा वकील सांगत होता की मुलगा रात्रपाळीला होता, कारखान्याचं हजेरीपत्रक आहे. मी म्हणाले, हा बचाव खटल्यात बघू, बाकी सेप्रमाणे. कायद्याने माझं बरोबर होतं. अर्ज नामंजूर झाला, मी समाधानाने जेवले. तो ११ महिने आत राहिला. खटल्यात जखमी फिर्यादीनेच उलटतपासात सांगितलं की हा तिथे नव्हता, याचं नाव मला दुसऱ्या कुणी सांगितलं. निकालानंतर तो मुलगा पळत बाहेर गेला नाही. शिपायाला विचारत उभा राहिला, 'आता कुठे सही करायची?' त्याला आणणं-नेणं, सही करणं याचीच सवय झाली होती.

हजेरीपत्रक मागवून बघायला मला एक फोन पुरला असता. नळवाल्या बाईसाठी एक नकाशा उघडायचा होता, या मुलासाठी एक फोन करायचा होता. एकदा जामीन मिळाला, एकदा नाकारला गेला, आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडी 'सेप्रमाणे' हा एकच शब्द होता. गुरुजी, सरसकट बंदी झाली तर तो एक शब्दही लागणार नाही, एवढाच फरक पडेल.

प्रश्न : बाई, माझा मुलगा २१ वर्षांचा. मित्रांच्या भांडणात सात जणांवर केस झाली, कलम १०९, खुनाचा प्रयत्न. माझ्या मुलाच्या हातात काही नव्हतं, तो गाडीजवळ उभा होता, असं फिर्यादीतच लिहिलंय. चार महिने झाले. सेशन कोर्टाने जामीन नाकारला. वकील म्हणतात थांबा. नव्या कायद्यात एक तृतीयांश शिक्षा भोगली की सोडतात म्हणे. मी काय करू?

उत्तर : थांबण्याचं कारण वकिलांना विचारा, आणि ते समजेल अशा भाषेत विचारा. कारण असूही शकतं.

एक तृतीयांशचं आधी. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ खरंच तसं म्हणतं : आधी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडायचं. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप असू शकते, त्याला हे लागू नाही. कलम १०९ मध्ये माणूस जखमी झाला असेल तर जन्मठेप होऊ शकते. तेव्हा तो रस्ता तुमच्यासाठी बंद आहे. कुणी त्याच्या नावाखाली फी मागत असेल तर देऊ नका. दुसरा रस्ता ९० दिवसांचा असतो : तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क बनतो. पत्रातल्या तारखांवरून दोषारोपपत्र ८८व्या दिवशी आलं आहे. दोन दिवसांनी हुकलं. पोलिसांना ही तारीख कधी चुकत नाही, याची नोंद घ्या.

पण दोषारोपपत्र येणं हा बदल आहे. सेशन कोर्टाचा नकार त्याआधीचा असेल तर आता त्याच कोर्टात नव्याने अर्ज करता येतो, किंवा उच्च न्यायालयात जाता येतं. अर्जात 'निर्दोष आहे, खोटं गुंतवलं' ही पानं कमी करा. सात जणांपैकी कुणाच्या हातात काय होतं, कुणी कुठे वार केला, आणि तुमच्या मुलाबद्दल फिर्यादीत कोणतं वाक्य आहे, हे एका पानावर मांडायला सांगा. सातांपैकी तशाच भूमिकेच्या कुणाला जामीन मिळाला असेल तर त्या आदेशाची प्रत जोडा. समान वागणुकीचा मुद्दा न्यायाधीश ऐकतात. जमावाचा भाग म्हणून तुमचा मुलगा कायद्याने जबाबदार ठरू शकतो, हे लपवून ठेवत नाही. गाडीजवळ उभं राहणं म्हणजे पहारा देणंही असू शकतं, असं सरकारी वकील म्हणेल. मी म्हटलं असतं. पण जामिनाच्या टप्प्यावर भूमिका वेगळी काढून बघावी लागते.

आणि उद्याच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही घेऊन जा. तो सुटला तर कुठे राहील? त्या वस्तीत? त्याच मित्रांत? दुसरीकडे नातेवाईक असतील, तिथे राहून जवळच्या ठाण्यात हजेरी लावायची तयारी असेल, तर तसं प्रतिज्ञापत्र करा, नातेवाइकाच्या संमतीसकट. अशी ठोस तयारी समोर आली की मी सरकारी वकील असून विरोधाची धार कमी केलेली आहे. फिर्यादीच्या घरी रदबदली करायला मात्र जाऊ नका. तुम्ही हात जोडाल, आणि कोर्टात तो दबाव म्हणून वाचला जाईल. न्यायाधीशांनाही या बाबतीत मर्यादा आखून दिली आहे. विनयभंगाच्या एका आरोपीला 'पीडितेच्या घरी जाऊन राखी बांधून घे' अशी अट घालून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जामीन दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ती अट रद्द केली. ज्याच्यापासून संरक्षण द्यायचं त्यालाच घरात पाठवायचं, असली अट मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

पैशांची अडचण आहे असं लिहिलंत. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. जामीन झाल्यावर जामीनदार मिळेना म्हणून मुलगा आतच राहिला, तर ७ दिवसांनी तुरुंग अधीक्षकांनी हे प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. न कळवल्यास तुम्ही कळवा. अडचण जुनीच आहे. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात गवंड्याला १० हजारांचा जामीन सांगितला होता आणि त्याचा भाऊ जामीनदार चालणार नाही म्हणून परत पाठवला होता, का तर भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला! सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सुनावलं. तरीही 'स्थानिक जामीनदार आणा' हे वाक्य मी निवृत्त झाले त्या महिन्यातही ऐकलं.

प्रश्न : मित्राच्या भावावर मारहाणीची केस आहे. मला जामीनदार राहायला सांगतात. पैसे आधी भरावे लागतात का? नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

उत्तर : साधारणपणे आधी भरावे लागत नाहीत. तुम्ही जामिनाच्या रकमेचा मुचलका, म्हणजे हमीपत्र, लिहून देता, ऐपत दाखवणारी कागदपत्रं जोडता. आरोपी तारखेला गायब झाला तर कोर्ट तुम्हाला नोटीस काढतं आणि रक्कम तुमच्याकडून वसूल होते. याआधी किती जणांना जामीन राहिलात, तेही लिहून द्यावं लागतं. कोर्टाच्या आवारात भाड्याने मिळणारे जामीनदार इथेच खोटं बोलतात आणि अडकतात.

नाही म्हणायला जीभ रेटत नसेल तर आधी त्या मुलाला एकट्याला भेटा. तो कामाला जातो का, मागच्या तारखा त्याने चुकवल्या का, फिर्यादीच्या दारावरून अजून गाडी घुमवतो का, हे मित्राला न विचारता त्यालाच विचारा. नंतर मन बदललं तर जामीनदारकीतून मोकळं करा असा अर्ज कधीही देता येतो. मग त्याला दुसरा जामीनदार आणावा लागतो, नाहीतर आत जावं लागतं. मुचलक्यावर सही करण्यापूर्वी त्याला जोडलेला जामिनाचा आदेश वाचायला मागा. क्लार्क म्हणेल, 'छापीलच आहे, करा सही.' दोन मिनिटं त्याला उभं ठेवा आणि वाचा.